पहिल्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रम

मार्च आला की कंपन्यांच्या एचआर विभागात पुढच्या वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर आखायला घेतात. टीएनआयचे, म्हणजे प्रशिक्षणाची गरज ओळखण्याचे, फॉर्म विभागाविभागांत फिरतात, विभागप्रमुख वर्षअखेरीच्या धावपळीत त्यांवर खुणा करून देतात आणि नव्याने बढती मिळालेल्या मॅनेजरांच्या नावापुढे ठरलेले विषय येऊन बसतात: लीडरशिप, कम्युनिकेशन, टीम बिल्डिंग, टाइम मॅनेजमेंट, इमोशनल इंटेलिजन्स, स्ट्रेस मॅनेजमेंट. चाकणच्या प्रेस शॉपमधला शिफ्ट सुपरवायझर, हिंजवडीतली टीम लीड, सांगली जिल्ह्यातल्या सहकारी बँकेचा नवा शाखाधिकारी, तिघांनाही हीच यादी लागू. तिघांच्या हाताखालची माणसं वेगळी, अडचणी वेगळ्या, चूक झाली तर होणारं नुकसान वेगळं. शिकवायचं मात्र एकच.

या यादीवर माझा मूळ आक्षेप असा, की तिच्यात फक्त गुणांची नावं आहेत. ‘कम्युनिकेशन’ या नावाखाली दोन दिवसांत काहीही शिकवता येतं: देहबोली, ईमेल कसा लिहावा, ऐकण्याचे प्रकार, शेवटी एखादा खेळ. वर्ग छान होतो, फीडबॅक फॉर्मवर चांगले आकडे पडतात. सोमवारी सकाळी तो सुपरवायझर जागेवर येतो, तेव्हा त्याच्यासमोर उभा असतो महिन्यात चौथ्यांदा न सांगता गैरहजर राहिलेला वेल्डर, ज्याच्या हाताला अख्ख्या खात्यात तोड नाही. त्याला सगळ्यांदेखत विचारायचं की बाजूला घ्यायचं, आधी कारण विचारायचं की आधी रजिस्टर दाखवायचं, मेमोचा विषय आजच काढायचा की पुढच्या वेळी, यातलं काहीच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून नव्या मॅनेजरच्या वर्तन-प्रशिक्षणाचे विषय प्रसंगांच्या नावाने निवडावेत, आणि ते प्रसंग त्याच कंपनीतून, त्याच कामातून गोळा केलेले असावेत, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ते मनापासून स्वीकारलं तर आज चालणारी बरीचशी कॅलेंडरं रद्द करावी लागतील.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतले कारखाने रात्रंदिवस चालू लागले, अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि ज्यांनी कारखान्याचं दार कधी ओलांडलं नव्हतं अशी माणसं, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, यंत्रांवर उभी राहिली. त्यांच्यावर नेमलेले फोरमनही पुष्कळदा नवखेच होते. १९४० मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी उपक्रमापुढे प्रश्न होता तो हाच: या नव्या फोरमनला काय शिकवायचं? वेळ अतिशय थोडा होता, त्यामुळे निवड करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी तीन मुख्य पाठ ठरवले. नव्या माणसाला काम कसं शिकवावं, कामाची पद्धत कशी सुधारावी आणि हाताखालच्या माणसांशी कसं वागावं. प्रत्येक पाठ १० तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत, दहाएक जणांच्या गटात. माणसांशी वागण्याच्या पाठात नेतृत्वाच्या व्याख्या सांगत नसत. वस्तुस्थिती गोळा करा, तोलून पाहा आणि ठरवा, कृती करा, परिणाम तपासा, अशा चार पायऱ्या होत्या. आणि प्रत्येक फोरमनने आपल्या खात्यातली खरीखुरी अडचण वर्गात आणून तिला या पायऱ्या लावून दाखवायच्या होत्या. युद्ध संपेपर्यंत १६ लाखांहून जास्त लोकांनी हे पाठ पूर्ण केले. पुढे अमेरिकेत उपक्रम बंद झाला, पण युद्धोत्तर जपानने तो उचलला आणि टोयोटासारख्या कंपन्यांच्या कामपद्धतीत त्याची छाप आजही ओळखता येते.

मला त्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते त्यांनी काय गाळलं ते. फोरमनला उपयोगी पडू शकतील अशा शेकडो गोष्टी होत्या. त्यांनी त्यातल्या तीनच घेतल्या आणि त्या हातात बसेपर्यंत करून घेतल्या. आपल्याकडे वर्षाला बारा विषय असतात, एकेका दिवसाचे, आणि बाराही वरवरचे.

दुसरं उदाहरण १९७९ सालचं आहे. गॅरी लेथम आणि लीझ सारी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत ४० सुपरवायझर घेतले. निम्म्यांना प्रशिक्षण दिलं, निम्म्यांना थांबवून ठेवलं. आठवड्याला दोन तास, नऊ आठवडे, नऊ विषय. त्या विषयांची नावं मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. नव्या माणसाला कामावर रुजू करून घेणं. चांगल्या कामाची दखल घेणं. कमी पडणाऱ्या माणसाला उभारी देणं. कामाच्या वाईट सवयी सुधारणं. शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते हे सांगणं. गैरहजेरी कमी करणं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला सामोरं जाणं. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण घटवणं. बदलाला होणारा विरोध हाताळणं. प्रत्येक विषयात आधी एक फिल्म पाहायची, त्यातल्या सुपरवायझरने काय केलं यावर बोलायचं, मग आपल्याच खात्यातल्या प्रसंगावर एकमेकांसोबत सराव करायचा. पुढे वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनात प्रशिक्षित गट स्पष्टपणे सरस ठरला. आणखी एक गोष्ट दिसली: वागण्याचे मुद्दे नुसते कागदावर हातात दिले, तर त्यांचा विशेष उपयोग होत नाही. माणूस ते वाचतो, त्याला पटतातही, आणि प्रसंग आला की तो पहिल्यासारखाच वागतो.

या नऊ नावांत एकही गुण नाही. नऊच्या नऊ, सुपरवायझर आणि त्याच्या हाताखालचा माणूस यांच्यात घडणाऱ्या गोष्टी आहेत. विषय कसा असावा याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही: विषयाचं नाव ऐकल्यावर समोर दोन माणसं दिसली पाहिजेत.

मग गुणांची यादी इतकी का टिकते? कारण ती सगळ्यांच्या सोयीची आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटमध्ये प्रशिक्षणाच्या नोंदी दाखवाव्या लागतात. ऑडिटर नोंद पाहतो, शिफ्टवर उभा राहून वागणं पाहत नाही. एचआरला माणशी ठरावीक तास पूर्ण करायचे असतात. बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाकडे तयार स्लाइड असतात आणि त्या पुण्यात चालतात तशा छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमध्येही चालतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पातळ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते काय शिकले, कामावर वागणं बदललं का, आणि त्याचा कामावर परिणाम झाला का. बहुतेक ठिकाणी मोजणी पहिल्या पातळीवर थांबते. जे मोजलं जातं त्यासाठीच विषय निवडले जातात, आणि लोकांना आवडेल असा विषय नेहमीच गुणांचा असतो. गैरहजर वेल्डरशी बोलण्याचा सराव कोणालाच आवडत नाही. तो अवघडच वाटतो.

नवा मॅनेजर होतो कोण, हेही लक्षात घ्यायला हवं. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ च्या पुस्तकात मांडलं, की माणूस बढती घेत घेत शेवटी आपल्याला न झेपणाऱ्या जागी पोहोचतो. पुढे ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी २१४ अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि मॅनेजर झाल्यावर नेमक्या त्यांच्याच टीमची कामगिरी घसरत होती. आपल्याकडेही उत्तम टूलमेकरला टूलरूमचा सुपरवायझर करतात आणि सर्वांत तल्लख प्रोग्रॅमरला टीम लीड. त्याला आजवर मान मिळाला तो स्वतःच्या हाताने केलेल्या कामाबद्दल. मग काम अडलं की त्याचा हात आपोआप पुढे जातो. ज्युनिअरने लिहिलेला कोड रात्री बसून तो स्वतःच पुन्हा लिहितो. हार्वर्डच्या लिंडा हिल यांनी १९ नव्या मॅनेजरांचं पहिलं वर्ष जवळून पाहिलं आणि त्यावर १९९२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनाही हेच आढळलं, की मॅनेजर होणं म्हणजे आधी आपल्याविषयीची आपली समजूत बदलणं. तेव्हा त्याचा पहिला विषय ‘लीडरशिप’ कशाला हवा? ‘मी दहा मिनिटांत करू शकेन असं काम दुसऱ्याला दोन तास करू देणं, आणि तोवर तिथून हलणं’ हा विषय घ्या. त्याचा सराव करता येतो. त्याला कठीण जातं तेही हेच.

आता आपल्याकडच्या प्रसंगांकडे येतो, कारण परदेशी पुस्तकांतून उचललेल्या अभ्यासक्रमात ते सापडणार नाहीत.

काल एकाच टेबलावर डबा खाणारे चौघे, त्यांतला एक आज बाकीच्या तिघांचा साहेब. तिघांपैकी एकाला तीच बढती हवी होती आणि ती आपल्याला का मिळाली नाही हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. नव्या मॅनेजरने डबा त्यांच्याबरोबर खायचा की नाही? व्हॉट्सॲपच्या जुन्या ग्रुपमध्ये, जिथे वरिष्ठांची टिंगल चालायची, तिथे राहायचं की बाहेर पडायचं? नाकारल्या गेलेल्या मित्राशी स्वतःहून बोलायचं की तो बोलेपर्यंत थांबायचं? या प्रश्नांना क्षुल्लक समजणारा माणूस कधी अशा जागी उभा राहिलेला नसावा. पहिल्या आठवड्यात इथे जे घडतं त्यावर पुढची दोन वर्षं ठरतात. मॅनेजर एकदम तोडून वागला तर तिघं दुरावतात, पूर्वीसारखाच वागला तर पहिली सुट्टी नाकारताना त्याची जीभ अडखळते.

दुसरा प्रसंग वयाचा. डिप्लोमा करून आलेला चोविशीतला सुपरवायझर आणि त्याच्या लाइनवरचे, त्याच्या वडिलांच्या वयाचे कामगार. आपल्या घरात, गावात मोठ्या माणसाला चूक दाखवण्याची रीत नाही. तो मुलगा मग दोनपैकी एक करतो: गप्प बसतो आणि रिजेक्शन वाढू देतो, किंवा अधिकार दाखवायला आवाज चढवतो आणि कायमचा शत्रू करून घेतो. तिसरी वाट आहे. अनेक जुन्या सुपरवायझरांना ती ठाऊकही आहे: त्या कामगाराच्या अनुभवाचा आधार घेऊनच चूक समोर आणणं, ‘काका, हा पीस जरा बघता का, मला कडेला बर राहिल्यासारखा वाटतोय’ अशा सुरात. चूक झाकली जात नाही आणि मानही राहतो. हे शिकवता येतं, कारण ते ठरावीक शब्दांत, ठरावीक क्रमाने बोलता येतं. पण त्यासाठी हा प्रसंग विषय म्हणून कोणीतरी यादीत घालायला हवा.

तिसरा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. एकाच यंत्रावर पहिल्या पाळीत कायम कामगार, दुसऱ्या पाळीत कंत्राटी. काम तेच, पगारात मोठा फरक, बसच्या सोयीत फरक, दिवाळीच्या बोनसमध्ये फरक. कंत्राटी मुलगा नव्या सुपरवायझरला सरळ विचारतो: साहेब, माझं प्रॉडक्शन त्यांच्यापेक्षा जास्त, मग असं का? हा फरक सुपरवायझरने ठरवलेला नाही, तो मिटवणंही त्याच्या हातात नाही. पण प्रश्न त्यालाच विचारला गेला आहे, कारण कंपनीचा चेहरा म्हणून त्या मुलाला दिसतो तो एकटाच. खोटं आश्वासन देणं सोपं. कंपनीच्या बाजूने तावातावाने बोलणंही सोपं, आणि ‘माझ्या हातात काय आहे’ म्हणून हात झटकणं तर त्याहून सोपं. स्वतः न घेतलेल्या निर्णयाचं प्रामाणिक उत्तर द्यायचं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, आणि जे आपल्या हातात आहे, म्हणजे कामाची न्याय्य वाटणी, ओव्हरटाइमची पाळी, बोलण्यातला मान, ते खरोखर पाळायचं: यासाठी तालीम लागते. ज्यांनी तो फरक ठरवला, त्यांनी निदान उत्तर देणाऱ्याला तरी वाऱ्यावर सोडू नये. अप्रेझलच्या वेळी आयटीतल्या टीम लीडचीही हीच कोंडी होते. रेटिंग वरच्या खोलीत ठरतं, ठरावीक टक्के लोकांना खालच्या गटात टाकायचंच असतं, आणि ‘तुझं वर्ष ठीकठाक गेलं’ हे सांगायला पाठवतात तिला.

सुट्ट्यांचा प्रसंग छोटा दिसतो, पण वर्षातून अनेकदा येतो. गणपतीला कोकणातले सगळेच गावी जाणार, आषाढीच्या सुमारास वारी, मे महिन्यात लग्नं, ईदला काहींना हवी, छठला बिहारकडच्यांना हवी. सगळ्यांना देता येत नाही. कोणाला दिली आणि का दिली, हे लाइनवर प्रत्येकाच्या लक्षात राहतं. नव्या मॅनेजरच्या न्यायबुद्धीची परीक्षा रजेच्या अर्जावर होते, आणि ‘फेअरनेस’ नावाच्या वर्गात त्याचा उल्लेखही नसतो.

जात आणि भाषा हे विषय तर बहुतेक कंपन्या यादीच्या जवळपासही येऊ देत नाहीत. हरियाणात मानेसर इथल्या मारुती सुझुकीच्या कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार झाला, आग लागली आणि एचआरमधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा जीव गेला. त्या दिवसाची सुरुवात एका कामगाराच्या आणि एका सुपरवायझरच्या बाचाबाचीने झाली. सुपरवायझरने जातीवाचक शब्द वापरले असं कामगार संघटनेचं म्हणणं. कामगाराने सुपरवायझरला मारहाण केली असं कंपनीचं. संघर्षाची मुळं कंत्राटी पद्धतीत आणि जुन्या मागण्यांत होती, आणि एखाद्या वर्गाने ते सगळं टळलं असतं असं म्हणणं उथळपणाचं ठरेल. तरीही एवढं खरं, की वरच्या मजल्यावरचे सगळे ताण शेवटी लाइनवरच्या दोन माणसांच्या बोलण्यातून बाहेर पडतात, आणि त्यांतला एक बहुधा नवा, कमी पगाराचा, कोणीच न शिकवलेला सुपरवायझर असतो. तापलेल्या प्रसंगात काय बोलायचं नाही, कधी थांबायचं, कोणाला बोलवायचं, हा विषय प्रत्येक कारखान्याच्या यादीत हवा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यामुळे निदान त्या एका बाबतीत जागृतीचे कार्यक्रम घेणं मालकावर बंधनकारक झालं. ते वर्ग व्हायलाच हवेत. पण कलमं सांगितली म्हणजे, रात्री उशिरा सहकाऱ्याचे नको ते मेसेज येतात असं सांगायला आलेल्या मुलीपुढे मॅनेजरने पहिल्या पाच मिनिटांत कसं वागायचं, ते शिकवून होत नाही. तिचं ऐकून न घेता ‘तसा नाहीये गं तो’ असं त्याच्या तोंडून निघालं, की कंपनीच्या तक्रार समितीपर्यंत ती पोहोचतच नाही.

हे प्रसंग मी सांगितले म्हणून कोणी तसेच्या तसे उचलू नयेत. ते शोधायची रीत उचलावी. जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये मांडलेली ‘क्रिटिकल इन्सिडन्ट’ पद्धत दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीच्या आणि प्रशिक्षणाच्या कामातून आली: मतं विचारू नका, काम बिघडलं किंवा साधलं तो नेमका प्रसंग विचारा, त्यात कोणी काय केलं ते विचारा. हीच पद्धत इथे लावता येते. गेल्या दोनेक वर्षांत बढती मिळालेल्यांना विचारावं: पहिल्या सहा महिन्यांत कोणतं बोलणं तुम्ही पुढे ढकलत राहिलात? या एका प्रश्नातून जितकं हाती लागतं तितकं कुठल्याही फॉर्ममधून लागत नाही, कारण टाळलेलं बोलणं हीच खरी प्रशिक्षणाची गरज असते. मग त्यांच्या हाताखालच्यांना विचारावं, आणि ते एचआरच्या केबिनमध्ये बोलावून नव्हे. नोकरी सोडून गेलेल्यांना काही महिन्यांनी फोन करावा. जाताना ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’ लिहून गेलेला माणूस तेव्हा खरं कारण सांगतो. तक्रार-रजिस्टर, गैरहजेरीचे आकडे, एकाच सुपरवायझरच्या हाताखालून वारंवार मागितल्या जाणाऱ्या बदल्या, हे सगळं कंपनीकडे आधीच असतं. फक्त ट्रेनिंग कॅलेंडर आखताना ते कोणी उघडत नाही.

प्रसंग जमले की त्यांतून गाळायचं. त्यासाठी रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये सुचवलेला प्रश्न कामाला येतो: जिवावर बेतलं तर हा माणूस हे करू शकेल का? करू शकत असेल तर अडचण शिकण्याची नाही, आणखी कुठलीतरी आहे. माणसं कमी आहेत, अधिकार दिलेला नाही, किंवा नीट वागण्याची शिक्षाच होते. सत्तर माणसांवर एकटा सुपरवायझर नेमून त्याला ‘वन-ऑन-वन’ संवाद शिकवणं हा अन्याय आहे. त्याला शिक्षण नको, आणखी एक सुपरवायझर हवा.

इथे स्ट्रेस मॅनेजमेंटबद्दल बोललंच पाहिजे. पुण्यात २०२४ च्या जुलैमध्ये एका बड्या लेखा-सल्लागार कंपनीत काही महिन्यांपूर्वीच रुजू झालेल्या २६ वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सार्वजनिक झालं आणि देशभर कामाच्या ताणावर चर्चा पेटली. मृत्यूचा कामाशी संबंध कंपनीने नाकारला, आणि त्याचा निवाडा करणं माझ्या अधिकारातलं नाही. पण त्या पत्रातली तक्रार वाचून आपल्या विषय-निवडीकडे पाहावं. दिवस संपताना दिलेलं काम, सुट्टीच्या दिवशी मागितलेलं काम: हे सगळं मॅनेजरच्या हातून घडतं. असं असताना श्वासोच्छ्वासाचे व्यायाम आणि योगाचे वर्ग ठेवले जातात कोणासाठी? ज्यांच्यावर ताण येतो त्यांच्यासाठी. ताण देणाऱ्या मॅनेजरच्या यादीत मात्र ‘संध्याकाळी सहानंतर आलेल्या कामाचं काय करायचं’ हा विषय नसतो. क्लायंटला ‘उद्या दुपारपर्यंत देतो’ असं ठामपणे कसं म्हणायचं, हे नव्या टीम लीडला शिकवलं तर तिच्या हाताखालच्या आठ जणांना स्ट्रेस मॅनेजमेंटची तेवढी गरज उरणार नाही.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. प्रसंग शिकवत बसलात तर माणूस त्या प्रसंगांपुरताच शहाणा होईल, नव्या प्रसंगात काय करेल? मूळ गुणच घडवले तर ते सगळीकडे उपयोगी पडतील. याला आधार म्हणून गूगलच्या ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’चं नाव घेतलं जातं. गूगलने २००२ मध्ये इंजिनिअरिंगमधली मॅनेजर पदंच काढून पाहिली होती. काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. मग २००९ पासून चांगले मॅनेजर नेमकं काय वेगळं करतात ते त्यांनी शोधलं आणि आठ गोष्टींची यादी केली. चांगला कोच असणं सर्वांत वर आलं, तांत्रिक कौशल्य सर्वांत खाली. ती यादी आता जगभरच्या स्लाइडवर दिसते. पण गूगलने ती कुठून आणली? स्वतःच्याच लोकांच्या मूल्यमापनांतून, सर्वेक्षणांतून, मुलाखतींतून. ज्यांनी ती यादी उचलली त्यांनी तिच्यामागची मेहनत सोडून दिली. आणि अनुभव असा, की सामान्य गुण असलाच तर तो प्रसंगांतून येतो. पाच वेगवेगळ्या कठीण बोलण्यांची तालीम केलेल्या माणसाला सहावं कमी जड जातं. ‘संवादकौशल्य’ ऐकून आलेल्याला पहिलंही जड जातं.

गुणाच्या नावाने शिकवण्यात धोकाही आहे. ‘फीडबॅक देणं’ हा आज सगळ्यांचा आवडता विषय. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. सरासरी परिणाम चांगला निघाला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून उडून माणसाच्या स्वतःवर गेलं की घसरण होते, असं त्यांचं स्पष्टीकरण. म्हणजे नव्या मॅनेजरला नुसतं ‘फीडबॅक देत जा’ म्हणून पाठवणं घातक ठरू शकतं. कोणत्या कामाबद्दल, कोणत्या क्षणी, किती, हे सांगायचं तर पुन्हा प्रसंगाकडेच यावं लागतं. व्यक्तिमत्त्व चाचण्यांबद्दल एवढंच म्हणेन, की आपण कोणत्या रंगाचे किंवा कोणत्या चार अक्षरांचे आहोत हे कळल्याने दुपार मजेत जाते, पण रजेचा अर्ज मंजूर करायचा की नाही ते कळत नाही.

शेवटचा मुद्दा वरच्या साहेबांचा, आणि विषय निवडताना तो सगळ्यांत आधी तपासायला हवा. एडविन फ्लाइशमन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या फोरमनांचा अभ्यास केला. माणुसकीने वागण्याच्या प्रशिक्षणानंतर लगेच त्यांची मतं बदललेली दिसली. पण कारखान्यात परतल्यावर त्यांचं वागणं वर्गात काय शिकवलं यापेक्षा त्यांचे स्वतःचे साहेब कसे वागतात यावर जास्त अवलंबून राहिलं. यात नवल नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये प्लँट हेडकडून सगळ्यांसमोर शिव्या खाल्लेला सुपरवायझर दुपारी आपल्या कामगाराला बाजूला घेऊन समजुतीने बोलेल, ही अपेक्षा त्याच्याकडून कोणत्या तोंडाने करायची? लेथम आणि सारी यांच्या प्रयोगातही सुपरवायझरांच्या वरिष्ठांना आधी तयार केलं होतं, खालच्याने नवं वागणं दाखवलं की त्याची दखल घ्यायला.

यावरून एक व्यवहार्य नियम निघतो. चार-पाच विषय निवडून झाले की यादी नव्या मॅनेजरांकडे पाठवण्याआधी त्यांच्या साहेबांपुढे ठेवावी आणि एकेका विषयावर विचारावं: हे तुम्ही स्वतः तुमच्या हाताखालच्यांशी करता का? ‘नाही’ असं उत्तर आलेला विषय त्या वर्षी खाली शिकवू नये. तो वर शिकवावा. आणि खाली जो वर्ग होईल त्याच्या पहिल्या बैठकीला त्या साहेबांनी दोन तास बसावं, आपल्या पहिल्या वर्षातलं एक बिघडलेलं बोलणं नावं वगळून सांगावं, आणि पुढच्या महिन्यात प्रत्येकाला त्याने काय करून पाहिलं ते विचारावं. तेवढा वेळ काढता येत नसेल तर वर्गाची तारीख पुढे ढकलावी, आणि प्रशिक्षकाला द्यायचे पैसे सत्तर माणसांवरच्या त्या एकट्या सुपरवायझरला मदतनीस देण्यासाठी वापरावेत.